कडूचा वारा

“बाकी कशाचंही बी धर, दुधीचं मात्र घरचं धरू नको,” हेमावती अक्कांनी सांगितलं होतं. “पलीकडे मल्लाप्पाचा कडू भोपळा आहे. त्याचा वारा लागतो.”

शाल्मलीनं मान डोलावली, गोड हसली आणि दुधीचं बी धरलं.

तिचं तरी काय चुकलं म्हणा! इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या बाईनं वाऱ्यानं भोपळा बाटतो यावर विश्वास ठेवायचा कसा? दृष्ट लागते, पाल चुकचुकते, त्यातलंच हे एक, असं तिनं मनातल्या मनात ठरवून टाकलं. शिवाय तो तिचा पहिला दुधी होता. वेलावर सुकवून, खुळखुळ्यासारखा वाजायला लागल्यावर फोडून, आतलं बी राखेत घोळून तिनं बरणीत भरलं, तेव्हा आर्याच्या पहिल्या दाताइतकं कौतुक तिला त्याचं वाटलं होतं.

आर्या म्हणजे तिची अडीच वर्षांची लेक. खरं तर ही सगळी बाग आर्यामुळेच लागली. शाल्मली मूळची नागपूरची. नवरा शंतनु कोरमंगलाच्या एका कंपनीत, म्हणून बेंगळुरूला आलेली. बाळ झालं, नोकरी सुटली आणि हातात मोबाईल घेऊन ती रात्रंदिवस वाचत सुटली. भाजीवर काय फवारतात, कोणत्या पाण्यावर ती पिकते, पिकवायला कसली पूड लावतात. वाचून वाचून अशी गत झाली की कोथिंबीर ती मिठाच्या पाण्यात तीनदा धुवायची आणि इतकं करून आर्याच्या ताटात घालायचीच नाही. शेवटी शंतनु म्हणाला, “तुझा कुणावरच भरवसा नाही ना, मग तूच पिकव बाई.” तो थट्टेत म्हणाला. ती दुसऱ्या दिवशी माती घेऊन आली.

घर चामराजपेटेतलं, अक्कांचं. खाली अक्का एकट्या, वर भाड्यानं हे तिघं, त्याच्यावर गच्ची. अक्कांचे यजमान मुकुंदराव यांचं बाजाराजवळ कापडाचं दुकान होतं. ते जाऊनही बरीच वर्षं झाली. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेलं मराठी घर, त्यामुळे अक्कांच्या बोलण्यात मराठी आणि कानडी एकाच ताटात कालवलेलं असायचं. “शाल्मली, स्वल्प चहा टाकलाय, ये गं,” अशी हाक आली की ती आर्याला काखोटीला मारून खाली.

पहिल्या हंगामात शाल्मलीनं लॅपटॉपवर बागेचा बेत आखला होता. रंगीत चौकोन, प्रत्येक भाजीला एक रंग. गाजर, बीट, ब्रोकोली, टोमॅटो, काय वाट्टेल ते. अक्का गुडघे धरत गच्चीवर यायच्या, प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या आणि बघत राहायच्या.

“लॅपटॉपला विचारलंस का, आज पाणी घालू की नको?”

“अक्का, चिडवू नका हं.”

“चिडवत नाही गं. मातीत बोट घालून बघ, एवढंच म्हणते. ओली असेल तर तिला तहान नाही. आर्याला कशी जबरदस्ती दूध पाजतेस, तसं झाडाला नको करू.”

टोमॅटोवर पांढरी माशी बसली. पालक कबुतरांनी खाल्ला. गाजरं उपटली तर आर्याच्या करंगळीएवढी. जास्त पाण्यानं अर्ध्या कुंड्या कुजल्या. फक्त दुधी तेवढा दोरीवरून चढला, टाकीवर पसरला आणि लागतच राहिला. अक्कांना त्याचं भारी प्रेम. कुणीतरी बागेत फिरताना सांगितलं होतं की सकाळी दुधीचा रस घेतला की साखर उतरते. तेव्हापासून रोज एक पेला. चिरताना त्यांचा एक नेम ठरलेला. देठाकडची एक पातळ चकती कापायची, जिभेवर ठेवायची, मगच पुढची सुरी. काकडी असो, दुधी असो. “कडू निघाला तर पोटात जायच्या आधी कळावं,” असं त्यांच्या सासूबाईंनी शिकवलेलं. शाल्मलीला त्याचीही गंमत वाटायची. कच्चा दुधी कोण खातं!

आता अक्कांच्या मुलाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोर तिथंच होता. पवनकुमार देवनहळ्ळीला राहायचा, विमानतळावर मालवाहतुकीच्या कचेरीत कामाला. तिकडच्या नव्या वस्तीत त्यानं फ्लॅट घेतलेला. माणूस मायेचा, पण धास्तावलेला. दिवाळीत अक्का न्हाणीघरात घसरल्या, मनगटाला प्लास्टर लागलं, तेव्हा तो जिन्यावर उभा राहून शाल्मलीसमोरच म्हणाला, “अम्मा, बस्स झालं आता. अजून एकदा काही झालं ना, की हे घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं. मग ‘बेडा, बेडा’, नको नको म्हणालीस तरी ऐकणार नाही.”

“तुझ्याकडे काय आहे?” अक्का म्हणाल्या. “विमानं.”

“लिफ्ट आहे. सून आहे. स्वयंपाकाला बाई आहे.”

“बघ! म्हणजे मला चुलीजवळ पण जाऊ देणार नाहीस.”

अक्कांचा आवाज तेवढ्यावर चिरकला. शाल्मलीला राहवलं नाही. “पवनअण्णा, मी आहे ना वर,” ती म्हणाली. “मी लक्ष ठेवते त्यांच्यावर.”

पवननं तिच्याकडे नीट पाहिलं. “सरी, ठीक आहे,” तो म्हणाला. “तुमच्या भरवशावर.”

लक्ष ठेवायचं म्हटलं की शाल्मलीला वेगळं काही करावं लागायचं नाही. तो तिचा स्वभावच होता. सकाळी दारातली दुधाची पिशवी उचलली गेली का, न्हाणीघराची फरशी कोरडी आहे का, गॅसचं बटण बंद आहे का, सपातांचा आवाज नेहमीसारखा येतोय का, सगळ्यावर तिचे कान आणि डोळे. जिन्यालगतच्या खिडकीतून अक्कांचं स्वयंपाकघर दिसायचं, तिथून ती दिवसातून कितीदा डोकावायची याची गणती नाही. एक गोष्ट मात्र तिला कळूनही तिनं सोडून दिली. अक्कांच्या सारात हल्ली मीठ फार व्हायला लागलं होतं. वाटी वर आली की ती त्यात गरम पाणी ओतायची आणि “छान झालं होतं हं अक्का” म्हणून वाटी परत करायची. एवढ्या मोठ्या बाईच्या हाताला नाव कशाला ठेवायचं?

दुसऱ्या हंगामात ती शहाणी झाली. कुंड्या कमी केल्या, ब्रोकोलीला रजा दिली, पाण्याच्या आधी बोट मातीत घालायला लागली. मेथी, अळू, वांगी, मिरच्या, आणि टाकीजवळ घरच्या बियाचा दुधी. मार्चच्या उन्हात त्याला पहिली दोन फळं धरली. पोपटी, लवदार, बाळसं धरलेली. संध्याकाळी तिनं दोन्ही तोडली आणि एक मिरवत खाली नेलं.

“बघा अक्का! लागला का तुमच्या मल्लाप्पाचा वारा?”

अक्कांनी दुधी मांडीवर घेऊन थोपटला. “देखणा आहे गं. पण देखणेपणावर कोण जातं? चिरल्यावर कळेल.”

सकाळी शाल्मलीनं आर्यासाठी दुधी घालून मऊ खिचडी केली, वर तूप सोडलं. पहिला घास तोंडात गेला आणि आर्यानं तो फुर्रर्र करून बाहेर टाकला.

“आर्या! नाटकं नको हं. बाप्पा रागावतो.”

“थू,” आर्या म्हणाली. जीभ बाहेर काढून हातानं पुसायला लागली.

आर्या काय, वरणभातही थुंकायची. “बरं, बघ, आई खाते,” असं म्हणत शाल्मलीनं मोठा चमचा स्वतःच्या तोंडात घातला आणि तिच्या सगळ्या अंगावर काटा आला. कारल्याचा कडूपणा निराळा, मेथीचा निराळा. हा कडूपणा जिभेला लागला नाही, तिथं येऊन चिकटला. तिनं बेसिनमध्ये थुंकलं, आर्याच्या तोंडात बोट घालून घालून पाणी फिरवलं, घास सगळा बाहेर आलाय ना ते ताटातली शितं चिवडून बघितलं. मग तिला खालचा दुधी आठवला.

अक्का चाखतात, तिनं स्वतःला सांगितलं. अक्का नेहमी चाखतात. त्यांना कळलं असेल.

तरी ती आर्याला कडेवर घेऊन अनवाणी खाली धावली.

अक्का मिक्सरचं भांडं विसळत होत्या. ओट्यावर रिकामा पेला.

“अक्का, रस घेतलात?”

“घेतला की. का गं?”

“दुधी चाखला होता का आधी?”

“चाखल्याशिवाय घेते का मी कधी? बरा होता.”

“गोड होता?”

“दुधी काय गोड असतो? दुधीसारखा होता.” पण हे म्हणताना अक्कांनी नजर नळाकडे वळवली.

शाल्मलीनं पेल्याच्या तळाशी राहिलेल्या थेंबाला बोट लावलं आणि ते जिभेवर ठेवलं. तोच कडूपणा, इथं तर न शिजवलेला, दुप्पट. असला रस माणूस एक घोटभरही पिऊ शकत नाही. पिऊच शकत नाही, जर त्याला तो लागत असेल तर. मिठानं खारट झालेल्या सगळ्या वाट्या तिच्या डोळ्यांपुढून सरकल्या.

“अक्का, तुम्हाला चव कळत नाही.”

“काहीतरीच.”

“कधीपासून?”

“आर्याला खाली ठेव आधी, कंबर दुखेल तुझी,” अक्का म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांनी पोट धरलं.

पुढचं शाल्मलीनं कसं केलं ते तिचं तिलाच आठवत नाही.  तिनं दुधीचा उरलेला तुकडा पिशवीत टाकला, भिंतीपलीकडे हाक मारली. मल्लाप्पा लुंगी सावरत आला. हा बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला गृहस्थ. कडू भोपळे वाळवायचा, त्यांना बारीक भोकं पाडून दिवे करायचा. त्यानं काही न विचारता आर्याला उचलून आपल्या बायकोकडे दिलं आणि रस्त्यात जाऊन रिक्षाच अडवली. अक्का “अय्यो, नुसतं ढवळतंय गं, ओवा खाते” म्हणत होत्या. रिक्षा वळणावर पोचायच्या आत त्यांना पहिली उलटी झाली.

शाल्मलीनं त्यांची पाठ चोळली, पदरानं तोंड पुसलं.

“गणपतीपासून,” अक्का दमल्या आवाजात म्हणाल्या. “आधी वास जायला लागला. मग चव. आता सगळं एकच लागतं. ओला कागद खाल्ल्यासारखं.”

“मला सांगायचं नाही?”

“तुला सांगितलं असतं तर तू पवनला सांगितलं असतंस.”

ते खरंच होतं. मग तिला आणखी एक सुचलं. “चव कळत नाही, तर रोज चकती कापून जिभेवर ठेवत कशाला होता?”

“तू जिन्यावरून बघत असतेस ना,” अक्का म्हणाल्या.

दवाखान्यात सलाईन लागलं. रक्तदाब बराच खाली गेला होता. डॉक्टरांनी पिशवीतला तुकडा बघितला, लगेच आणलंत ते बरं केलंत म्हणाले आणि रात्रभर ठेवून घ्यायचं ठरवलं. अक्कांचा चेहरा उशीइतका पांढरा. त्यांनी सलाईन नसलेल्या हातानं शाल्मलीचं मनगट धरलं.

“पवनला नको सांगू. अपचन झालं म्हण.”

“अक्का…”

“मला माझ्या घरी मरू दे गं. म्हणजे आता नाही. पण नंतर.”

शाल्मली बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. हातातल्या मोबाईलवर सवयीनं तिनं आधी दुधीच शोधला. दुधीची फुलं पांढरी, संध्याकाळी उमलणारी. त्यांच्यावर पतंग येतात, या गच्चीवरून त्या गच्चीवर जातात आणि कडू वेलाचे परागकण गोड वेलाच्या फुलात ठेवून येतात. त्या वर्षीचं फळ गोडच लागतं. कडूपणा बियात दडून बसतो आणि पुढच्या वेलाला फुटतो. म्हणजे अक्कांचा वारा खरा होता, फक्त त्याला पंख होते. तिनं मोबाईल उलटा ठेवला. अपचन. एकच शब्द, आणि अक्का उद्या आपल्या घरी. पवनला कधीच कळलं नसतं. आणि परवा पुन्हा कुठलंतरी नासलेलं दूध, कुठलातरी आंबलेला भात, तेही असंच “बरं होतं” म्हणत पोटात गेलं असतं.

तिनं फोन लावला. “पवनअण्णा, अक्का बऱ्या आहेत. पण आधी पूर्ण ऐका. दुधी माझ्या गच्चीवरचा होता.”

देवनहळ्ळीहून चामराजपेटेपर्यंतची सगळी गर्दी कापत तो आला, तेव्हा दुपार कलली होती. त्यानं आईच्या कपाळावर हात ठेवला. मग म्हणाला, “झालं तर. आता घर बंद.”

“का?” अक्कांनी डोळे उघडले.

“का म्हणजे? अम्मा, तू विष प्यायलीस आणि तुला कळलं नाही!”

“नाही कळलं. जीभ गेली माझी, पाय नाही गेले. तुझे बाबा बहिरे झाले तेव्हा तू दुकान बंद केलंस? गिऱ्हाईक ओरडून मागायचं, तरी शर्टाचं कापड म्हटलं की हे परकराचं फाडून द्यायचे. पण बसले ना शेवटपर्यंत गादीवर?”

पवनला हसू आवरेना आणि रागही. तो शाल्मलीकडे वळला. “तुम्ही लक्ष ठेवते म्हणाला होता.”

हे तिला लागलं. लागायलाच हवं होतं. “ठेवत होते,” ती म्हणाली. “पण नुसती बघत होते. त्यांच्या सारात मीठ जास्त होतंय हे मला कधीच कळलं होतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, पाणी घालून खाल्लं. आता तसं करणार नाही. त्यांनी शिजवलेलं आधी माझ्याकडे येईल, मी चाखेन आणि खरं काय ते तोंडावर सांगेन. त्यांना आवडो न आवडो.”

“मला नाही आवडणार,” अक्का पलंगावरून म्हणाल्या.

पवननं आईची चादर नीट केली. “उगादीपर्यंत बघू,” तो म्हणाला. उगादी म्हणजे इकडचा गुढीपाडवा.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी अक्कांनी वाटी पाठवली आणि शाल्मलीनं छातीवर दगड ठेवून सांगितलं, “अक्का, मीठ जास्त आहे.”

“तुम्हा नागपूरच्या लोकांना मिठातलं काय कळतं? तुम्ही नुसतं तिखट खाणारे!” दोन दिवस अक्का फुगून होत्या. तिसऱ्या दिवशी वाटी आली, सोबत निरोप: “बघ बाई, तुझं समाधान होतंय का.” त्या दिवशी मीठ कमी होतं. मग हळूहळू हात जमला. पुढे तर आर्याच पुढे व्हायची, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून चमचा चाटायची आणि अक्कांनीच शिकवलेला कानडी शब्द सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायची, “उप्पूऽऽ!” मीठ जास्त असलं तरी उप्पू, कमी असलं तरी उप्पू. तेवढं शाल्मलीला दुरुस्त करावं लागायचं. चव कदाचित जुन्या गोळ्यांपैकी एकीनं गेली असेल, म्हणून ती डॉक्टरांनी बदलून दिली होती. चव परत येईल, न येईलही, असं त्यांनी सांगून ठेवलं.

दुधीचा वेल शाल्मलीनं मुळापासून उपटला. ते बघून मल्लाप्पा ओशाळला, हात जोडून म्हणाला, “अक्का, माझाही काढून टाकू का?”

“कशाला? पतंगांना काय तू पत्ता दिला होतास?” अक्का म्हणाल्या. “ही नवीन बी आणेल पाकिटातलं. दरवेळी नवीन. तू दिवे कर.”

उगादीला पवन सहकुटुंब आला. इथल्या रिवाजाप्रमाणे अक्कांनी कडुनिंबाची फुलं आणि गूळ सगळ्यांच्या तळहातावर ठेवला, स्वतःही तोंडात टाकला. पवन त्यांच्याकडे बघत होता.

“लागलं का अम्मा, कडू?”

शाल्मलीही त्यांच्याकडे बघायला लागली. महिन्यापूर्वी अक्का नक्की “हो तर” म्हणाल्या असत्या, वर तोंडही वाकडं करून दाखवलं असतं.

“नाही रे,” अक्का म्हणाल्या. “गूळही नाही लागला. दाताखाली करकरलं तेवढं.” आणि पुरणपोळीचं ताट शाल्मलीपुढे सरकवलं. “हिला विचार. हिनं चाखलंय सगळं.”

पवननं पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, खाल्ला. दुसरी मागून घेतली. देवनहळ्ळीचं नाव त्यानं काढलं नाही. निघताना चपला घालता घालता एवढंच म्हणाला, “पुढच्या रविवारी तुझ्या हातची हुळी, ते आंबट वरण खाईन, अम्मा.”

आता नागपूरला शाल्मलीच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि तिला आर्याला घेऊन जाणं भाग आहे. तिची बॅग भरून झाली आहे, पण पाय निघत नाही. शंतनु आहे घरी. पण त्याला अळणी वरण वाढा नाहीतर खारं, तो “मस्त” म्हणून मोबाईलमध्ये डोकं घालतो. मल्लाप्पा अक्कांना इतका भितो की खरं बोलायचा नाही. पवन येतो तो रविवारी. मधले दिवस कोण?

म्हणून तिनं तुम्हाला सांगायला सांगितलंय. चामराजपेटेच्या बाजूला कधी कामानं आलात, तर गच्चीवर मिरच्या आणि अळवाच्या कुंड्या दिसणारं, बाहेरून लोखंडी जिना असलेलं घर विचारा. शेजारच्या ओसरीवर भोपळ्याचे दिवे टांगलेले असतात, चुकणार नाही. फोन करू नका. फोनवर त्या “सगळं सरी आहे” असंच म्हणतात. दार वाजवा, आत जा, शाल्मलीची मैत्रीण म्हणून सांगा. त्या ताट वाढतीलच. दोन घास खा, आणि कसं झालंय विचारलं तर एवढी कृपा करा, नुसतं छान म्हणू नका.